लेखी दोष

मित्रांनो, ज्याला जुना ऑसिलोस्कोप म्हणतात, तो मी. हे नाव तुमच्या जिभेवर बसणार नाही. काळजी करू नका, जव्हारमध्ये ते कुणाच्याच बसले नाही. इथल्या नोंदवहीत मी 'दोलनदर्शी, एक नग' होतो. मुले मला स्कोप म्हणत. झाडलोट करणारा देवजी मला रेघेचे मशीन म्हणायचा, आणि सगळ्या नावांत मला तेच आवडे. माझ्या तोंडावर तळहाताएवढी गोल काच आहे. तिच्यावर एक हिरवी रेघ पळते. तारेतून जाणारी वीज कशी चढते, कशी उतरते, कुठे अडखळते, ते ती रेघ दाखवते. बाकी मला काही येत नाही.

सध्या मी मागच्या खोलीत जमिनीवर आहे आणि माझ्या डोक्यावर दोन मोडक्या खुर्च्या आहेत. माझे काहीही बिघडलेले नाही. आत्ता वीज जोडा, दहा मिनिटांत रेघ येईल. पण कागदोपत्री मी बिघडलेला आहे. तो कागद कसा तयार झाला ते मी सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. ज्यांना गोड गोष्टी हव्या आहेत त्यांनी शाळेच्या घंटेला किंवा छत्रीला विचारावे.

माझा जन्म सत्तरच्या दशकात बंगळूरच्या एका कारखान्यात झाला. बायका रांगेने बसून माझे अवयव जोडत होत्या. शेवटी एका चष्मेवाल्या माणसाने मला चौकोनी लाट दिली. मी ती जशीच्या तशी, कडेला कड लावून दाखवली, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर 'पास' असा कागद चिकटवला. तो दिवस मला अजून आठवतो. पुढची सतरा-अठरा वर्षे मी ठाण्याच्या एका कंपनीत काम केले. तिथे नवे यंत्र आले आणि मला जव्हारच्या एका तांत्रिक संस्थेला देणगी म्हणून देऊन टाकले. जे फेकून द्यायला लाज वाटते ते लोक देणगी म्हणून देतात, हे मला तेव्हा कळले. १९९३ च्या उन्हाळ्यात गोधडीत गुंडाळलेला मी जीपच्या मागच्या बाकावरून घाट चढून आलो.

इथे माझा मान वाढला. कार्यशाळेत खिडकीजवळचे मोठे टेबल मला मिळाले. तुळशीदास सर आमचे शिक्षक. ते खोडाळ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले, घरात नोकरीला लागलेले पहिले. हात फार हळुवार. माझे बटण असे फिरवत जसे कुणी झोपलेल्या बाळाचे कान चाचपावेत. मुलांना ते सांगत, "माणूस चुकेल, हा चुकणार नाही." मी ऐकून फुगत असे. यंत्राला गर्व नसतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

देवजी दुसऱ्या वर्षी आला. रोजंदारीवर. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा तो, जमीन नाही, घरचे सगळे मजुरीवर जगणारे. आठवडाभर तो संस्थेच्या पडवीतच राही आणि रविवारी जीपने घरी जाई. सकाळी मुलांच्या आधी येऊन तो फरशी पुसायचा आणि मग माझी काच. काचेसाठी त्याने वेगळे मऊ फडके ठेवले होते. चप्पल तो दाराबाहेर काढायचा. खरे तर कार्यशाळेत पायात बूट हवेत असा नियम दारावर रंगवलेला होता. पण देवजीला वाचता येत नव्हते, आणि वाचून दाखवण्याची तसदी दहा वर्षांत कुणी घेतली नाही.

दर जूनला नवी मुले आली की तुळशीदास सर एक धडा घेत. माझी एक तार असते, तिला प्रोब म्हणतात. तिचे टोक ते एखाद्या मुलाच्या बोटांत देत. लगेच माझ्या काचेवर मोठी लाट उठे. मुले दचकत. "घाबरू नका," सर म्हणत. "भिंतीतल्या वायरींची वीज थोडीशी तुमच्या अंगावर येते. पायात बूट आहेत म्हणून ती अंगावरच राहते." मग ते त्याच मुलाला बूट काढायला लावत आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर उभे करत. लाट बसून जाई. जवळजवळ सपाट रेघ. "आता ती पायांतून जमिनीत उतरली. म्हणजे माणसात फरक नाही, पायांत फरक आहे. लिहून घ्या." मुले लिहून घेत. दहा वर्षे, दहा वर्ग, सगळ्यांच्या वह्यांत ते वाक्य आहे.

दोन हजार सालानंतर नव्या यंत्रांची चित्रे यायला लागली. सपाट पडद्याची, रंगीत रेघांची, पाहिलेली लाट साठवून ठेवणारी. नव्या अभ्यासक्रमात तसेच यंत्र हवे होते. माझ्यात उणिवा होत्या, मी नाकारत नाही. मला तापायला दहा मिनिटे लागत. पावसाळ्यात माझी रेघ थोडी सरकायची. आणि मला साठवता येत नव्हते, लाट गेली की गेली. काचेवरचे मी विसरतो हे खरे. काचेसमोरचे मात्र मी काहीच विसरलेलो नाही.

हाच ठेवावा की नवा घ्यावा, यावर दोन वर्षे चहा प्यायला गेला. प्राचार्य साहेबांना नवा हवा होता. तुळशीदास सरांनाही हवा होता. भांडार सांभाळणाऱ्या ममताबाई मात्र दरवेळी नोंदवही उघडून तेच सांगत.

"जुनं खोडल्याशिवाय नवं मिळत नाही, सर. आणि चालू वस्तू खोडता येत नाही. निर्लेखनाला दोष लागतो, तोही लेखी."

निर्लेखन म्हणजे वस्तूचे नाव नोंदवहीतून कायमचे काढणे. मला काढायचे तर मी बिघडायला हवा होतो, आणि मी बिघडत नव्हतो.

एका दुपारी तुळशीदास सरांनी माझे मागचे झाकण उघडले. हातात पक्कड होती. एक तार तोडली असती तर काम झाले असते. ते बराच वेळ आत पाहत बसले. मग त्यांनी फुंकर मारून आतली धूळ उडवली आणि झाकण लावून टाकले. मला भरून आले. पुढचे माहीत असते तर मीच म्हणालो असतो, तोडा ती तार. माझ्यावर हात टाकायला त्यांचा जीव धजला नाही. माणसावर टाकायला धजला.

२००४ साली साठा पडताळणी झाली. दोन मीटर कमी भरले. मीटर म्हणजे वीज मोजायची हातात मावणारी यंत्रे. ते कुठे होते, हे मला ठाऊक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तुळशीदास सरांनी ते माझ्यासमोर पिशवीत घातले होते. खोडाळ्याला घरी ते लोकांचे टीव्ही दुरुस्त करत. चोरायचे त्यांच्या मनात नव्हते. उद्या आणू, परवा आणू, असे करता करता आठ महिने गेले आणि पडताळणी येऊन ठेपली. 'मी नेले' एवढे दोन शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडातून निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते अधिक अवघड झाले, आणि तिसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली.

कार्यशाळेच्या किल्ल्या दोनच होत्या. एक सरांकडे, एक देवजीकडे. सरांना कोण विचारणार?

त्याच महिन्यात रोजंदारीवरच्या माणसांना कायम करायची यादी ठाण्याला जायची होती. दहा वर्षांनी देवजीचे नाव त्या यादीत लागले होते. त्याची बायको चिमी हिने पाड्यावर सगळ्यांना सांगून टाकले होते की आता वीटभट्टीवर जायचे नाही, मुलांना घेऊन झोपडी बांधत फिरायचे नाही. देवजीही त्या दिवसांत माझी काच पुसताना गुणगुणायचा.

प्राचार्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभे केले. मुले होती, ममताबाई होत्या, तुळशीदास सर माझ्या टेबलाला हात लावून उभे होते.

"मी नाय घेतला साहेब," देवजी म्हणाला. "आमच्याकडं काय हरवला का भगताकडं जातात. भगत सुपात दाणे टाकतो, पाहतो, न नाव सांगतो."

काही मुले हसली. देवजी थांबला नाही.

"पण भगत बी कुणाचा मामा असतो, कुणाचा सोयरा असतो. मना भगत नको. मना या मशीनवर पाहा. सर रोज सांगतात, माणूस चुकंल, ह्या मशीन नाय चुकणार. ह्या कुणाचा नातलग नाय."

"हे काय खूळ?" प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी तुळशीदास सरांकडे पाहिले. "होतं का असं काही?"

मित्रांनो, 'नाही' हा फार छोटा शब्द आहे. सर दरवर्षी मुलांना यापेक्षा लांब वाक्ये लिहून देत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फरशीकडे पाहिले. फरशी ओली होती, कारण देवजीनेच ती नुकती पुसली होती.

"पाहायला काय हरकत आहे, साहेब," ते म्हणाले. "त्याचीच इच्छा आहे."

आधी प्राचार्यांनी प्रोब धरला. त्यांच्या पायात जाड तळाचे बूट. मोठी लाट उठली. ते लहान मुलासारखे खूश झाले. ममताबाईंनी धरला, लाट. तुळशीदास सरांनी धरला, लाट. मीटर त्यांच्याच घरी होते, पण तेवढे मला दाखवता येत नाही. पाच-सहा मुलांनी धरला, सगळ्यांची लाट. मग देवजी पुढे आला. त्याने आधी हात सदऱ्याला पुसले. मग प्रोब धरला, अनवाणी, आपणच पुसलेल्या ओल्या फरशीवर उभा राहून.

मी रेघ सपाट दाखवली.

देवजी हसला. त्याला वाटले, शांत रेघ म्हणजे साफ माणूस. त्याने वळून सगळ्यांकडे पाहिले, पाहा म्हणून.

"सगळ्यांची लाट येते. याचीच का येत नाही?" प्राचार्यांनी विचारले.

पहिल्या बाकावरची हर्षाली उठली. वर्गात सगळ्यांत हुशार मुलगी ती.

"सर, त्यांच्या पायात..."

"हर्षाली, तुझं प्रात्यक्षिक कधी आहे?" तुळशीदास सरांनी मध्येच विचारले.

"सोमवारी, सर."

"मग त्याची तयारी कर."

ती खाली बसली. तिच्या वहीत ते वाक्य होते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाच्या वहीत होते. सगळे आपापल्या बुटांकडे पाहत राहिले.

"काय ते सांगा, सर," प्राचार्य म्हणाले.

"याचं वाचन वेगळं आहे, साहेब," सर म्हणाले.

एवढेच ते म्हणाले. चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. प्राचार्यांनी मान हलवली आणि देवजीचे हसू हळूहळू गेले. त्याने माझ्याकडे पाहिले. दहा वर्षे ज्याने माझी काच पुसली, त्याला मी एक खरे वाचन दिले, आणि त्या खऱ्या वाचनाने त्याला चोर केले. मी खोटे बोललो नाही हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी देवजीकडून किल्ली काढून घेतली. यादीतले त्याचे नाव रेघ मारून खोडले. चौकशीच्या कागदावर लिहिले गेले, 'यंत्राद्वारे केलेल्या चाचणीत संशयास्पद आढळला.' दाद मागायला तीस दिवसांची मुदत होती. देवजी मोखाड्याला तहसील कार्यालयासमोर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेला. अर्ज तीन ओळींचा होता. सदर यंत्र चुकीचे दाखवते. मी चोरी केलेली नाही. माझे नाव यादीत पुन्हा घ्यावे. खाली अंगठा. चिमी जीपने तो घेऊन आली आणि तिने तो ममताबाईंच्या हातात दिला. ममताबाईंनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला.

त्यानंतर बारा दिवसांनी माझी तपासणी करायला ठाण्याहून एक अधिकारी आले. नवा द्यायचा की नाही ते त्यांच्या सहीवर होते. त्यांनी मला चौकोनी लाट दिली. मी दाखवली. कडेला कड. बंगळूरला दाखवली होती तशीच. त्या क्षणी मला पुन्हा एकदा गर्व झाला, तोही सांगून टाकतो.

"हा तर ठणठणीत आहे. नवा कशाला हवाय तुम्हाला?" अधिकारी म्हणाले. त्यांना घाई होती. जेवणानंतर गावाजवळचा शिरपामाळ पाहून अंधाराच्या आत घाट उतरायचा होता. "लेखी दोष काही आहे का?"

तेवढ्यात वीज गेली आणि माझी रेघ विझली. ममताबाई सहीसाठी आलेल्या टपालाची फाईल घेऊन उभ्या होत्या. अधिकाऱ्यांनी ती सहज हातात घेतली, दोन कागद उलटले आणि तिसऱ्यावर थांबले.

"हे काय? 'सदर यंत्र चुकीचे दाखवते.' लेखी आहे, तारीख आहे, आवक क्रमांक आहे. मग अडलंय कुठे?"

"साहेब, तो अर्ज दुसऱ्या कामाचा आहे," तुळशीदास सर म्हणाले. हे त्यांनी म्हटले, मी त्यांच्या नावावर ते जमा करतो.

"यंत्र हेच ना?"

"हेच."

"तक्रार यंत्राचीच ना?"

"हो, पण..."

"मग लावा याला."

ममताबाईंनी विचारले, "झेरॉक्स काढू का साहेब? वीज आली की..."

"नंतर बघा ते."

ममताबाईंनी अर्जाची टाचणी काढली. देवजीच्या कागदांतून तो अर्ज सुटला आणि माझ्या कागदांना लागला. त्याच टाचणीने. अधिकाऱ्यांनी खाली लिहिले, 'तक्रार योग्य आढळली. यंत्र विश्वासार्ह नाही. निर्लेखनास मान्यता.' मग सगळे जेवायला गेले. त्या दिवशी वीज संध्याकाळपर्यंत आली नाही, आणि आल्यावर झेरॉक्सची आठवण कुणाला राहिली नाही.

महिन्याभरात नवे यंत्र आले. मला उचलून कार्यालयाच्या पडवीत ठेवले. मी तिथे असतानाच चिमी आली. अंगावर प्रवासाची धूळ, बरोबर कुणी नाही.

"बाय, आमच्या अर्जाचा काय झाला?"

ममताबाईंनी फाईल काढली, चाळली. "देवजीच्या फाईलला अर्ज नाही. मुदतही संपली. त्याची दाद आलीच नाही असं धरून वर कळवलंय."

"मीच दिला ना तुमच्या हातात. तुमी शिक्का मारला."

"दिलास," ममताबाई म्हणाल्या. त्या खोटे बोलल्या नाहीत. "तो या यंत्राच्या फाईलला लागला."

"तिकडं काय लिवला त्याच्यावर?"

ममताबाईंनी वाचून दाखवले. तक्रार योग्य आढळली. यंत्र विश्वासार्ह नाही. चिमीने ते पुन्हा वाचायला लावले.

"म्हंजे मशीन चुकीचा सांगतो, ह्या तुमी मानला."

"हो."

"सही केली सायबानी."

"केली."

"मंग माझा नवरा चोर कसा?"

ममताबाईंनी फाईल मिटली. "ती वेगळी फाईल आहे, बाई."

चिमी रडली नाही. तिने माझ्याकडे बोट केले. "ह्याच ना तो? आता याला फेकणार?"

"फेकता येत नाही. लिलाव होईपर्यंत सांभाळून ठेवावा लागतो. नियम आहे."

"म्हंजे खोटा निघाला तरी याला जागा हाय," चिमी म्हणाली, आणि मोखाड्याची जीप पकडायला निघून गेली. देवजी तेव्हा भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवर होता. चार दिवसांनी ती आणि मुलेही तिकडे गेली, असे पडवीत बोलताना मी ऐकले.

मीटर अजून खोडाळ्याला आहेत. तुळशीदास सर अजून शिकवतात, आणि चांगले शिकवतात. फक्त ओल्या फरशीचा तो धडा त्यांनी त्या वर्षापासून घेतलेला नाही. हर्षाली प्रात्यक्षिकात पहिली आली. नव्या यंत्रात लाट साठवता येते, पण त्याच्या काचेच्या कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे असते, म्हणून मुलांना ते लांबूनच पाहावे लागते.

अशा गोष्टीच्या शेवटी यंत्राने म्हणायचे असते की मला जपा, माझी निगा राखा. माझी निगा नीट राखली जाते, मित्रांनो. खोलीला कुलूप आहे, लिलावाच्या यादीत माझे नाव आहे, वर्षातून एकदा येऊन मोजतात. मला तुमच्याकडून काही नको. पण तुमच्यातले बरेच जण उद्या नोकरीला लागतील, खुर्चीवर बसतील, आणि एखाद्या दुपारी तुमच्या टेबलावर तीन ओळींचा, खाली अंगठा असलेला एक कागद येईल. तो वाचा किंवा वाचू नका. त्याची टाचणी तेवढी काढू नका.